मी बदललेली साक्ष

आमच्या मंडळीत इंग्रजी नीट येणारी मी एकटीच होते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. जळगावात कापसाच्या एका जिनिंग कारखान्याच्या मागच्या गल्लीत आमची छोटी बाप्टिस्ट मंडळी भरायची. बाबा तिचे पाळक होते. पुढच्या मोठ्या खोलीत रविवारची उपासना आणि मागच्या दोन खोल्यांत आमचा संसार. मी इंग्रजी घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. परदेशाहून पत्र आलं की बाबा ते न फोडता माझ्यापुढे ठेवायचे आणि मी वाचून सांगेपर्यंत शेजारी उभे राहायचे. रविवारी उपासना सुटली की लोक मुद्दाम माझ्याकडे येऊन कागद वाचून घ्यायचे. हे सगळं मला फार आवडायचं.

आई बायबल बाई म्हणून काम करायची. आठवड्यातले तीन दिवस ती एस.टी.ने खेड्यांत जायची, बायकांजवळ बसायची, त्यांचं ऐकायची, कुणी म्हटलं तर प्रार्थना करायची. बोलायची मात्र कमी. धरणगावच्या पुढच्या एका गावात तिची अक्काशी ओळख झाली.

अक्का पन्नाशीतली विधवा. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती जेठाच्या घरात, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाच्या घरात राहायची. एकुलती एक मुलगी होती, ती सासरी बाळंतपणात गेली. आई पहिल्यांदा भेटली तेव्हा त्याला दोन वर्षं झाली होती. बायका कापूस वेचत होत्या, अक्का बांधावर एकटीच बसली होती. आई शेजारी जाऊन बसली आणि तिने मुलीचं नाव विचारलं. मग डोळे मिटून ते नाव घेत प्रार्थना केली. एवढंच घडलं होतं. पुढच्या आठवड्यात आई गेली तर अक्का बांधावर वाट पाहत होती.

नंतर अक्का जळगावला उपासनेला यायला लागली. दर रविवारी नाही, पण महिन्यातून दोनदा तरी. प्रार्थनासभेत बाकीच्या बायका चाचरायच्या, ती मात्र मोठ्याने, आपल्या अहिराणीत, घरातल्या माणसाशी बोलावं तशी देवाशी बोलायची. म्हशीचं दुखणं, पुतण्याची परीक्षा, जेठाचा गुडघा, सगळं सांगायची. कॉलेजात जायला लागल्यापासून मला त्या बोलण्याचं हसू यायचं. मी मान खाली घालून हसत असे.

वर्षभराने तिने बाप्तिस्मा मागितला. बाबांनी घाई केली नाही. ते स्वतः तिच्या गावी गेले आणि जेठाला भेटून आले. जेठाला सगळे आबा म्हणायचे. बाबा परत येऊन आईला म्हणाले, "आबांना आवडलेलं नाही. पण ते आडवे येणार नाहीत. माणूस सरळ आहे."

त्याच थंडीत परदेशातून पाहुणे आले. आमच्या कामाला मदत करणाऱ्या तिकडच्या एका संस्थेचं म्हातारं जोडपं होतं. साहेबांच्या गळ्यात कॅमेरा आणि बाईंच्या हातात वही. तिघांचा बाप्तिस्मा होता. दोघं आमच्याच मंडळीतल्या घरांतले तरुण, तिसरी अक्का. पाहुण्यांना तरुणांत रस नव्हता. त्यांना अक्काशी बोलायचं होतं, आणि दुभाषी मी.

बाबा सकाळीच गिरणा नदीवर बाप्तिस्म्यासाठी डोह बघायला गेले होते. कुठे कंबरेइतकं पाणी आहे, तळ घट्ट आहे का, हे बघावं लागायचं. आई आत स्वयंपाकात होती. ओसरीवर आम्ही चौघंच. अक्का पहाटेच्या गाडीने आली होती. खुर्चीवर बसायला तयार नव्हती, शेवटी अगदी कडेवर टेकली.

बाईंनी विचारलं, तुम्हाला बाप्तिस्मा का घ्यावासा वाटतो?

अक्का माझ्याकडे बघून म्हणाली, "मनी आंडेर गयी, तवय बठ्ठा गाव उना. रडनात, गयात. मंग तिनं नाव कोनीच लिधं नही. तुन्ही मायनी देवपुढे तिनं नाव लिधं."

मुलगी गेली तेव्हा सगळा गाव आला, रडला, गेला. नंतर तिचं नाव कुणीच घेतलं नाही. तुझ्या आईने देवापुढे ते घेतलं. आज हे लिहिताना मला कळतं की इतकी खरी साक्ष मी त्यानंतर कुठल्या चर्चमध्ये ऐकली नाही. त्या दिवशी मला ती फार साधी वाटली, जरा गावंढळही. मी इंग्रजीत सांगितलं की हिची मुलगी वारली आणि प्रार्थनेने हिला समाधान मिळालं. बाईंनी एक ओळ लिहिली आणि पेन तसंच धरून माझ्याकडे बघत राहिल्या. माझं इंग्रजी कमी पडलं, असं मला वाटलं.

मग त्यांनी विचारलं, घरच्यांनी छळ केला का?

मी अक्काला विचारलं. तिने हात हलवला. "मना जेठ भला माणूस शे. दोन दिन बोलना नही. मंग म्हने, तुले जठे बरं वाटस तठे जा."

मी सांगितलं, "तिचा जेठ विरोधात होता. त्याने तिच्याशी बोलणं टाकलं." खोटं म्हणावं तर त्यात खोटं काही नव्हतं, फक्त ते दोनच दिवस होते आणि नंतर तो 'बरं वाटेल तिथे जा' म्हणाला, हे मी गाळलं. बाईंचं पेन चालू लागलं. साहेबही पुढे सरकले. त्यांनी विचारलं, आणखी काय केलं त्याने?

हा प्रश्न मी अक्काला विचारलाच नाही. पण काहीतरी विचारल्यासारखं तर दिसायला हवं, म्हणून मी तिला म्हटलं, "अक्का, सकाळी काय खाऊन निघालीस?"

ती खुश झाली. जेठाणीने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून दिला होता, तो गाडीत खाल्ला म्हणाली. थोडा माझ्या आईसाठीही आणला होता.

मी पाहुण्यांना सांगितलं, "तिला घरात जेवायला देत नव्हते."

ते वाक्य तोंडातून कसं निघालं हे मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. कुणी जबरदस्ती केली नव्हती. बाईंच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला हवं होतं, इतकंच. त्यानंतर सोपं झालं. मारलं, घराबाहेर काढलं, विहिरीवर पाणी भरू दिलं नाही, असं मी एकेक सांगत गेले. मध्ये मध्ये अक्काला म्हशीचं, शेताचं विचारत होते आणि ती मनापासून उत्तरं देत होती.

बाईंना रडू आलं. त्यांनी उठून अक्काचे दोन्ही हात धरले. अक्काला वाटलं, ही गोरी बाई आपल्या मुलीसाठी रडते आहे. मग तीही रडली. आई आतून चहा घेऊन आली, तिने दोघींना तसं पाहिलं आणि तिचेही डोळे भरले. साहेब मला म्हणाले, तू फार सुंदर भाषांतर करतेस.

दुपारी आम्ही गिरणेवर गेलो. काठावर मंडळी गीत म्हणत उभी होती. बाबा पांढऱ्या कपड्यांत कंबरभर पाण्यात उभे होते. अक्का पाण्यात उतरताना थंडीने कापत होती. बाबांनी तिच्या पाठीशी हात धरला, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने म्हणत तिला पूर्ण पाण्याखाली नेलं आणि वर आणलं. ती वर आली तेव्हा तिचा चेहरा मला अनोळखी वाटला. ती हसत होती.

काठावर, मंडळीपासून जरा लांब, एक उंच म्हातारा उभा होता. धोतर, पांढरी टोपी, आणि हातावर घडी केलेलं कोरडं लुगडं. अक्का बाहेर आली तशी त्याने पुढे होऊन ते लुगडं माझ्या आईच्या हातात दिलं आणि पुन्हा मागे जाऊन तोंड फिरवून उभा राहिला. आबा बैलगाडी घेऊन आले होते, तिला घरी न्यायला. बाबा तेव्हा पाण्यातच, पुढच्या तरुणाकडे वळलेले होते.

साहेबांनी फोटो काढला. बाईंनी मला विचारलं, तो माणूस कोण?

मी म्हटलं, "शेजारी आहे."

पाहुणे गेले. जाताना त्यांनी मला एक शिफारसपत्र दिलं. त्या पत्रावर मला शिक्षक प्रशिक्षणाला जागा मिळाली. पुढे धुळ्याला शाळेत इंग्रजी शिकवून मी सगळं आयुष्य काढलं, त्याची सुरुवात तिथे आहे.

उन्हाळ्यात एक पार्सल आलं. पाहुण्यांच्या संस्थेने अक्काची गोष्ट मराठीत करवून चार पानांची पत्रिका छापली होती, वाटण्यासाठी. वर गिरणेतला फोटो. बाबांनी ती उभ्या उभ्याच वाचली आणि मला हाक मारली.

"अक्का हे कधी बोलली? मला तर असं काही म्हणाली नव्हती."

"त्या दिवशी ओसरीवर बोलली. बाईंनी विचारलं, म्हणून बोलली असेल."

बाबांनी पत्रिकेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आबांना भेटलो होतो मी," ते म्हणाले. "माणूस ओळखता येत नाही." त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि त्या माणसावरचा काढून घेतला. मी तिथेच उभी होते.

आमच्या तरुण संघाचे लोक आठवडे बाजारांत सुवार्तेच्या पत्रिका वाटायचे. मी दोन-तीनदा म्हणून पाहिलं, धरणगावला नको, तिथे फार वाटून झालं आहे. संघाचा प्रमुख म्हणाला, उलट तिथलीच बाई आहे तर तिथेच वाटायला हवी. का नको ते सांग. मी काही सांगितलं नाही. त्या गुरुवारी ते सायकलींवर गठ्ठे बांधून गेले.

चार दिवसांनी आबा आमच्या दारात आले. एकटेच. बाबांनी खुर्ची दिली, ते बसले नाहीत. त्यांनी बंडीच्या खिशातून घडी केलेली पत्रिका काढली.

"साहेब, बठ्ठा बजारमा वाटं हे. आम्हना गावना मास्तरनी पारवर वाचं." गावच्या शाळामास्तराने पारावर सगळ्यांपुढे वाचून दाखवलं होतं. लोक आधी हसले, मग गप्प झाले. "आम्ही तिले उपाशी ठेवं? मारं?"

बाबांचा आवाज कठोर झाला होता. "आबा, अक्काने स्वतः सांगितलंय. माझी मुलगी तिथे होती."

आबांनी पत्रिकेवरच्या फोटोवर बोट ठेवलं. अक्का पाण्यातून बाहेर येत होती, आणि मागे, जरा अस्पष्ट, हातावर लुगडं घेतलेला माणूस होता.

"हाऊ मीच शे," ते म्हणाले.

बाबांनी फोटो निरखून पाहिला. पत्रिका आल्यापासून त्यांनी तो कितीदा पाहिला असेल, पण मागचा माणूस पाहिला नव्हता. त्यांनी मला हाक मारली. मी दारातच होते, हातात पाण्याचा तांब्या. "आबांना सांग, अक्का काय म्हणाली होती."

तेव्हा तरी मी खरं बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "पाहुण्यांचा काहीतरी गैरसमज झाला असेल. त्यांना आपली भाषा कळत नाही ना."

आबा माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. त्यांना सगळं कळलं होतं असं मला वाटलं. पाणी न घेता ते गेले.

दुपारी आई माझ्याजवळ येऊन बसली, खेड्यातल्या बायकांजवळ बसायची तशीच. नदीवर आबांनी लुगडं तिच्याच हातात दिलं होतं, तरी इतके दिवस तिने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता. ती म्हणाली, "अक्का काय म्हणाली होती त्या दिवशी?" मी अक्काचे शब्द होते तसे तिला सांगितले. आपण प्रार्थनेत त्या मुलीचं नाव घेतलं होतं म्हणून अक्का आली, हे आईला तोवर माहीतच नव्हतं. ती पदर तोंडाला लावून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "आता बाबांना जाऊन सांग."

बाबा ओरडले नाहीत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उद्या पहिल्या गाडीने जायचं."

आबांचं घर मातीचं, स्वच्छ सारवलेलं. आम्ही गेलो तेव्हा अक्का अंगणात धान्य पाखडत होती. बाबांना पाहून तिने पदर सावरला, उठली नाही. आबा खाटेवर बसले होते. बाबा मला म्हणाले, "बोल."

मी उभी राहून सगळं सांगितलं. उपाशी ठेवल्याचं वाक्य, मारल्याचं, विहिरीचं, आणि नदीवर त्यांना शेजारी म्हटल्याचंही. प्रत्येक वाक्य बोलताना वाटायचं, आता पुरे, पण बाबा मान हलवत नव्हते, म्हणून पुढचं सांगत होते.

अक्काने हातातलं सूप खाली ठेवलं. ती हळूच म्हणाली, "मनी गोट कमी पडनी का?"

माझी गोष्ट कमी पडली का, एवढंच तिने विचारलं. अजूनही मला त्या प्रश्नाचं उत्तर सुचत नाही.

मग आबा बोलले. "घरमा येऊन सांगं, ते बरं करं. पन बजारमा कोन सांगी?"

जेठाणीने तोवर ताटं वाढली होती. आम्ही नको नको म्हणत होतो, पण त्या घरातून न जेवता जाणं बाबांना बरोबर वाटलं नाही. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, कांदा. जेठाणी माझ्या ताटात दुसरी भाकरी घालताना म्हणाली, "खाय ना पोरी." मी तिच्यावर उपाशी ठेवल्याचा आळ घेतला होता आणि ती मला पोटभर वाढत होती. ती भाकरी मी पाण्याबरोबर गिळली.

पुढच्या गुरुवारी बाबा मला घेऊन धरणगावच्या बाजाराला गेले. भर दुपारी, उन्हात. ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते, बाप्तिस्म्याच्या दिवशी घालायचे तसा. भाजीवाल्यापासून सुरुवात केली. प्रत्येकापुढे हात जोडून एकच सांगायचे, "मागच्या आठवड्यात आमच्या लोकांनी एक कागद वाटला. त्यात आबांच्या घराबद्दल लिहिलंय ते खोटं आहे. आमची चूक झाली. कागद असेल तर परत द्या."

कुणी ऐकून घ्यायचे, कुणी धंद्याच्या वेळेला काय हे म्हणून हाताने पुढे जायला सांगायचे. एका किराणावाल्याने पत्रिकेच्या पुड्या केल्या होत्या, त्याने मसाला काढून दोन कागद दिले. एक माणूस म्हणाला, "हे तुम्ही छापताच कशाला?" बाबा म्हणाले, "चूक झाली."

ते एकदाही "माझ्या मुलीने" म्हणाले नाहीत. मी मागे पिशवी धरून चालत होते आणि कागद त्यात टाकत होते. एका दुकानापुढे ते थोडा वेळ थांबले, माझ्याकडे वळून बघितलं. ते माझी वाट बघत होते हे मला कळलं. मी पिशवीतले कागद नीट लावू लागले. मग बाबाच पुन्हा बोलले. देवाचं वचन सांगायला बाबा याच बाजारात कितीदा उभे राहिले असतील, पण त्या दिवशीसारखा त्यांचा आवाज बसलेला मी ऐकला नव्हता.

रविवारी मी मंडळीत उभी राहिले. बोलायला लागले, पण अर्ध्यातच रडू आलं आणि मी म्हटलं की माझ्याकडून मोठं पाप झालं, माझ्यासाठी प्रार्थना करा. लोक आमेन म्हणाले. उपासनेनंतर दोघी-तिघींनी मला जवळ घेतलं, केवढी नम्र पोरगी म्हणाल्या. नेमकं काय केलं ते मी तिथे सांगितलंच नाही. बाबांनी मग स्वतः उभं राहून ती पत्रिका खोटी आहे आणि यापुढे वाटायची नाही, एवढं सांगितलं.

पाहुण्यांना पत्र लिहिलं, तेही इंग्रजीत मलाच लिहावं लागलं. बाबा मराठीत सांगत होते. या वेळी मी शब्द बदलले नाहीत. "माझ्या मुलीने खोटं सांगितलं," हे वाक्य बाबांनी त्या पत्रात मात्र घातलं, आणि मी ते लिहिलं. उत्तर प्रेमळ होतं. त्या गोष्टीने तिकडे पुष्कळांची मनं हलली आहेत, प्रभू कशाचाही उपयोग करून घेतो, असं होतं. पत्रिका मागे घेतल्याचं काही नव्हतं. शिफारसपत्र त्यांनी रद्द केलं नाही, आणि मीही परत केलं नाही. जूनमध्ये मी प्रशिक्षणाला गेले.

अक्का मंडळीत येत राहिली, असं आई सांगायची. सुट्टीत घरी आले की मीही पाहायचे. ती मागच्या बाजूला बसायची, गीतं म्हणायची, प्रभुभोजन घ्यायची. पण प्रार्थनासभेत कुणी "अक्का, तुम्ही करा" म्हटलं की मान हलवायची. मोठ्याने प्रार्थना करणं तिने सोडून दिलं होतं. आईने एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, मनातल्या मनात करते, तिथे कुणी बदलत नाही.

नव्वदच्या दशकात, मी धुळ्याला नोकरीत असताना, आईची तार आली की अक्का गेली. मी दुसऱ्या दिवशी पोहोचले तोवर सगळं आटोपलं होतं. आईने सांगितलं, आबांनी भावकीत कुणाचं न ऐकता बाबांना बोलावून घेतलं आणि तिच्या इच्छेप्रमाणे शेताच्या कडेला पुरू दिलं. बाबांनी प्रार्थना केली. आबा टोपी काढून उभे होते.

मी आबांना भेटायला गेले. ते आता फार थकले होते, खाटेवर पडून होते. मी कोण ते सुनेने त्यांना सांगितलं. त्यांनी ओळखलं की नाही, मला समजलं नाही. मी धुळ्याला शिकवते हे ऐकून म्हणाले, "काय शिकाडस?"

"इंग्रजी," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि सुनेला मला चहा करायला सांगितला. मी बसून तो प्यायले. संध्याकाळच्या गाडीला अजून वेळ होता, म्हणून सून मला शेतावर घेऊन गेली. मातीचा उंचवटा अजून ओला होता. मी प्रार्थना करायला डोळे मिटले, आणि काय म्हणावं ते मला सुचलं नाही.